धूर कुणाच्या वाट्याचा?

नाशिकहून येवल्याकडे जाताना विंचूरला लासलगावचा फाटा फुटतो. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार इथे असल्याने कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टरांची रांग लागते. भाव फुटेपर्यंत शेतकरी, हमाल, चालक टपरीच्या बाकड्यावर दाटीने बसतात आणि कुणीतरी विडी पेटवतो. शेजारच्याला खोकला येतो, पण पेटवणारा वयाने मोठा असेल तर ‘काका, जरा लांब ओढता का?’ म्हणायला जीभ रेटत नाही.

ते अवघड वाक्य बोलण्याची जबाबदारी कायद्याने स्वतःकडे घेतली. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या आणि सार्वजनिक वाहने धूरमुक्त करण्याचा आदेश दिला. आधार होता संविधानाच्या कलम 21चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. 2003 मध्ये कायदा झाला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासूनच्या नियमांनी बसथांबेही त्यात आणले. दंड 200 रुपयांपर्यंत.

धूम्रपान करणाऱ्याची तक्रार मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. देह माझा, पैसा माझा, मग सरकार मध्ये का? आगरकरांच्या पिढीने आवडीने वाचलेला जॉन स्टुअर्ट मिल इथे त्याच्या बाजूने उभा राहतो. 1859 च्या ‘ऑन लिबर्टी’त मिलने दारूबंदीच्या कायद्यांना विरोध केला, माणसाच्या भल्यासाठी त्याच्यावर सक्ती करू नये, असे त्याचे म्हणणे. पण दुसऱ्याला इजा होऊ लागली की मिलचे हे संरक्षण संपते. विडीचा धूर ओढणाऱ्याच्या छातीत थांबत नाही, आणि शेजारच्याने तर त्याला होकारही दिलेला नसतो.

तक्रारीतला दुसरा भाग अधिक खरा आहे. तीस किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलला, तेवढ्याच आसनांच्या उपाहारगृहाला आणि विमानतळाला धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवण्याची मुभा कायदा देतो. लिलावाच्या आवारात दिवसभर गोण्या वाहणाऱ्या हमालासाठी अशी जागा कुणी आखत नाही. बंदी न्याय्य आहे. तिची सोय मात्र ऐपतीप्रमाणे वाटली गेली आहे, आणि हे दुरुस्त करायला हवे.

‘मी कुणाला मुद्दाम त्रास देत नाही’ हा युक्तिवादही नेहमी ऐकू येतो. त्याला धारदार उत्तर जैन विचारात सापडते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येत प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, मध्यभागी ठेवला. हेतू वाईट नव्हता एवढ्याने सुटका नाही. आपल्या कृतीचे शेजारच्या जिवावर काय होते, याकडे लक्ष होते का, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडचा धार्मिक उपदेश या प्रश्नापर्यंत क्वचित पोहोचतो. 2019 च्या प्रयागराज कुंभात रामदेव बाबांनी साधूंकडून चिलमी मागून घेतल्या. राम-कृष्णांनी कधी धूम्रपान केले नाही, असा त्यांचा दाखला होता. उपक्रम चांगलाच. तरीही भर साधूच्या आचरणावर होता, त्याच्या राहुटीत दर्शनाला बसलेल्या भाविकांवर नव्हता. 2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात हा विषय पुन्हा येईल, तेव्हा तो भाविकांच्या बाजूने मांडला जावा.

सर्वात मोठी अडचण घराच्या उंबऱ्यावर येते. ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाने 1981 मध्ये दाखवले की, नवरा सिगारेट ओढत असेल तर कधीही धूम्रपान न केलेल्या बायकांमध्येही फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू वाढतात. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या 2006 च्या अहवालाने तर इतरांच्या धुराचे कोणतेही प्रमाण निर्धोक नसल्याचे सांगितले. बसथांब्यावर मोकळा वारा तरी असतो. दोन खोल्यांच्या घरात सासऱ्यांनी विडी पेटवली, तर सून बाळाला घेऊन कुठे जाणार? तिथे कलम नाही, दंडाची पावती नाही, आणि पोलिसाने घरात शिरावे असे म्हणणेही धोक्याचे आहे.

म्हणूनच ही जबाबदारी सप्ताहाच्या मंडपावर येते. निफाड तालुक्यातल्या गावोगावी हरिनाम सप्ताह होतात, आणि घरातला वडीलधारा माणूस ज्यांचे ऐकतो असे कीर्तनकार तिथे उभे राहतात. व्यसनाने होणारी देहाची आणि पैशाची नासाडी ते तळमळीने सांगतात. त्याच कीर्तनात त्यांनी ओढणाऱ्याच्या मांडीवरच्या नातवाबद्दलही बोलावे, आणि घरात विडी पेटवू नका, एवढे तरी सगळ्यांसमोर मागून घ्यावे.