येतो

आमच्या घरातून बाहेर पडताना ‘जातो’ म्हणायची सोय नव्हती. कुणी चुकून म्हटलंच तर आई स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘जातो काय? येतो म्हण.’ मग चपला घातलेल्या पायांनी उंबऱ्याशी थांबून शब्द दुरुस्त करायचा आणि निघायचं. पुढे तुलनात्मक साहित्यात एम. ए. करायला मी बडोद्याहून कोलकात्याला गेले. तिथे पहिल्याच महिन्यात कळलं की बंगाली माणूसही निरोप घेताना जाण्याचं क्रियापद टाळतो आणि ‘आशि’ म्हणतो. तमिळमध्ये ‘पोय्ट्टु वरेन’, म्हणजे जाऊन येतो. कन्नडमध्ये ‘होगि बर्तीनि’, तेच. ज्या गुजरातीच्या शेजारात आम्ही वाढलो तिथे तर निरोपाचा शब्दच ‘आवजो’. भाषांतराचा व्यवसाय धरल्यावर या शब्दाने मला पुष्कळदा छळलं. इंग्रजीत ‘येतो’ शब्दशः ठेवला तर दारातून बाहेर पडणारा माणूस आत येतोय असं वाटतं, आणि ‘जातो’ केलं तर आईचा आवाज कानात येतो.

हे वचन आहे की नुसता रिवाज, हा प्रश्न मात्र मला २०१८ सालापर्यंत पडला नव्हता. तो पडला बडोद्यातल्या एका गॅरेजमध्ये. माझा धाकटा भाऊ आणि त्याचा मित्र मोटारसायकलींवरून लिस्बनपर्यंत जायची तयारी करत होते. दोघेही बंगळूरुला नोकरीत होते, दोघांनीही ती सोडली होती. मित्र मदुराईचा, त्याच्याकडे नवीन हिमालयन होती. भावाला मात्र वडिलांचीच बुलेट न्यायची होती, १९८६ ची, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली. अटारीवरून सरळ पश्चिमेला जाणारी वाट नकाशावर आहे, त्यांच्यासाठी नव्हती. म्हणून न्हावाशेवाहून गाड्या खोक्यात बंद करून समुद्रमार्गे बंदर अब्बासला पाठवायच्या, तिथून इराण, तुर्कस्तान आणि पुढे युरोप, असं ठरलं होतं.

मी गॅरेजमध्ये जायची ती कागदांवर सह्या घ्यायला किंवा द्यायला. पण तिथल्या मिस्त्रींचं काम बघत बसायची सवय लागली. ‘ही गाडी एवढ्या लांब टिकेल का?’ असं मी पहिल्या दिवशी विचारलं. ते म्हणाले, ‘बंद पडणारच. कुठे पडेल तेवढं बघून ठेवू.’ क्लचच्या केबलशेजारून त्यांनी दुसरी नवी केबल ओवली आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने बांधून ठेवली. पहिली तुटली की भर रस्त्यात टाकी उतरवायला नको, नुसती टोकं बदलायची. ॲक्सिलरेटरच्या केबललाही तसंच. आवळलेल्या प्रत्येक नटावर त्यांनी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. नट आणि बोल्टवरची रेघ जुळत नाही असं दिसलं की समजायचं, नट सैल होतोय. कॉन्टॅक्ट पॉइंट, कंडेन्सर, चेनच्या कड्या, ट्यूबा, पाने यांची यादी त्यांनी जिथे जिथे मोडतोड व्हायची शक्यता आहे त्या क्रमाने केली होती. त्यांच्या सगळ्या तयारीत एकही आश्वासन नव्हतं.

कागदांचं जग नेमकं उलटं होतं. तिथे सगळं आश्वासनांवरच चालतं.

बुलेटचं आरसी बुक अजून वडिलांच्या नावावर होतं. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर गाडी करायला आरटीओचा नमुना ३१ भरावा लागतो आणि बाकीच्या वारसांचं नाहरकत प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. म्हणजे आई आणि मी. चेसिसवरच्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासायची आणि त्याचा ठसा घ्यायचा. टाकी बदललेली, पिस्टन तीनदा बदललेला, चाकं नवी, सीट नवं; बाबांच्या वेळचं म्हणावं असं त्या गाडीत फारसं उरलं नव्हतं. तो घासून उमटलेला आकडा मात्र तोच होता. आई तो कागद बराच वेळ हातात धरून बसली होती.

मग आलं कार्ने द पासाज. हे गाडीचं पारपत्र असं सांगितलं जातं, पण ते खरं म्हणजे पारपत्र नाही, जामीनपत्र आहे. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. देशात शिरताना एक तुकडा तिथले जकातवाले फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि दोन्ही शिक्के असलेलं तिसरं आपल्याकडे उरतं. मुदत एक वर्ष. शिरल्याचा शिक्का आहे आणि निघाल्याचा नाही, तर गाडी तिथेच विकली किंवा टाकून दिली असं धरून तो देश आयातशुल्क मागतो, आणि ते ज्या संघटनेने कार्ने दिलं तिच्याकडून वसूल होतं. म्हणून संघटना आधीच आपल्याकडून बँकेची हमी घेते. हमी किती, ते कुठल्या देशांतून जाणार यावर ठरतं. आमच्या बाबतीत रक्कम बुलेटच्या किमतीहून मोठी निघाली. भावाची शिल्लक प्रवासात जाणार होती, तेव्हा हमीसाठी तारण ठेवायला माझी मुदत ठेव होती.

जामीन राहणं या गोष्टीची आमच्या घरात धास्ती आहे. आजोबा एका सोयऱ्याला जामीन राहिले आणि त्यात शेत गेलं. आजी म्हणायची, उसने द्यावेत, दिलेले विसरावेत, पण जामीन राहू नये. मला ते तेव्हा कंजूषपणाचं वाटायचं. बँकेत फॉर्म पुढे आला तेव्हा तिचं म्हणणं कळलं. उसने देताना आपण आपल्या पैशांबद्दल निर्णय घेतो. जामीन राहताना दुसऱ्याच्या भविष्याबद्दल बोलतो, आणि ते आपल्याला त्याच्याहून अधिक ठाऊक असल्यासारखं सही करतो.

फेडता येणार नाही हे पक्कं माहीत असूनही फेडीन म्हणून कर्ज मागणारा माणूस कांटने १७८५ च्या आपल्या पुस्तकात उदाहरणाला घेतला आहे. त्याचं खोटं सरळ आहे. पण आपण सगळे बहुधा त्या माणसासारखे नसतो. आपल्याला माहीत नसतं. कधी परत येऊ, येऊ का, आलो तर तोच माणूस म्हणून येऊ का. कांट जन्मभर क्योनिग्जबर्गच्या आसपासच राहिला, त्याला व्हिसाचा अर्ज भरावा लागला नाही. हाना आरेंटचं म्हणणं मला जास्त जवळचं वाटतं. पुढचं काही कळत नाही म्हणूनच माणसं वचनं देतात, आणि झालेलं उलटवता येत नाही म्हणून क्षमा करतात, असं ती १९५८ च्या ‘द ह्यूमन कंडिशन’मध्ये मांडते. खात्री असती तर वचनाची गरजच नव्हती.

(मोटारसायकल आणि तत्त्वज्ञान म्हटल्यावर पर्सिगचं नाव यायलाच हवं, नाहीतर वाचक रागावतील. त्याचं पुस्तक मी तीनदा वाचलं आहे. यंत्राची काळजी घेणं हे नैतिक काम आहे हे त्याच्याकडूनच शिकले. पण तो मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला गेला. वाटेत एकही सरहद्द नाही. त्यामुळे त्याच्या एवढ्या जाड पुस्तकात कागदपत्रांचा प्रश्नच येत नाही, आणि आम्हा लोकांचा अर्धा प्रवास तिथेच असतो.)

मला खरा त्रास दिला तो शेंगेन व्हिसाच्या पत्राने. बँकेची विवरणं, तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा, मुक्कामांची यादी हे सगळं जमलं होतं. शिवाय हवा होता परत येण्याचा पुरावा. अर्जदाराला मागे ओढणारं काय आहे? नोकरी दोघांनीही सोडलेली. भावाचं लग्न मोडलेलं, घर भाड्याचं. तो माझ्याशेजारी बसून सांगू लागला आणि मी इंग्रजीत टंकत गेले. ‘माझी आई ७४ वर्षांची आहे आणि तिची देखभाल मी करतो.’

मी ते टंकलं. दुसऱ्यांची वाक्यं लिहिणं हाच माझा धंदा. कादंबऱ्यांमधल्या लबाडांचं, खुन्यांचं बोलणं मी मराठीत आणलं आहे आणि कधी झोप उडालेली नाही. या वाक्यावर मात्र बोटं थांबली. आई माझ्याजवळ राहते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन, तिची पेन्शनची कामं, रात्री-बेरात्री उठणं, सगळं मी करते. भाऊ दिवाळीला येतो. खोटं लिहायला लागतंय याचा राग आला असं सांगायला मला आवडलं असतं. पण राग याचा आला होता की त्याने घेतलेलं काम माझं होतं.

‘ताई, एक वाक्य आहे गं. सगळेच लिहितात.’

‘मग तूच लिही.’

तो गप्प बसला. आई आतून आली. तिला काय चाललंय ते सांगावं लागलं, आणि मी जरा जास्तच न्याय मागण्याच्या सुरात सांगितलं. ती म्हणाली, ‘देखभाल माझी मी करते. तुम्ही दोघं मला गोळ्यांच्या वेळा विचारता.’ मग जरा वेळाने म्हणाली, ‘मी वाट बघते असं लिही. तेवढं खरं आहे.’

तसं लिहिलं. माझी आई बडोद्यात माझ्या थोरल्या बहिणीजवळ राहते आणि मी परत येण्याची वाट पाहते. व्हिसा मिळाला. त्या वाक्याने मिळाला की विम्याच्या कागदाने, सांगता येणार नाही. वाक्यात खोटं काही नाही हे मी स्वतःला अनेकदा बजावलं आहे. तरी कुठेतरी खटकतंच. माझी ठेव तारण ठेवली ती पैशासाठी. आईचं वाट बघणं आम्ही कुणासमोर तारण ठेवलं होतं?

निघायच्या आदल्या रात्री मित्र आमच्याकडेच होता. तो जेवणानंतर गॅलरीत उभा राहून वडिलांशी फोनवर बोलला, आणि शेवटी ‘पोय्ट्टु वरेन, अप्पा’ म्हणाला. आईला तमिळ येत नाही. तिने मला विचारलं, ‘येतो म्हणाला ना?’

सातव्या आठवड्यात, पूर्व तुर्कस्तानातल्या एका गावात, शुक्रवारी संध्याकाळी मित्राला कळलं की वडील गेले. त्याने तासाभरात विमानाची तिकिटं शोधली. आणि मग हॉटेलवाल्याने त्याला आठवण करून दिली की तुर्कस्तानात परदेशी माणसाने आणलेली गाडी त्याच्या नावावर नोंदलेली असते. ती आत ठेवून मालकाला सहज बाहेर पडता येत नाही. आधी ती जकातीच्या ताब्यात द्यायची, पावती घ्यायची, मग जायचं. जकात कार्यालय सोमवारी उघडणार होतं.

जकातीला तिथे गुमरुक म्हणतात. मूळ शब्द लॅटिनमधला व्यापाराचा, ग्रीकमधून पूर्वेकडे आलेला. आपला ‘जकात’ अरबी ‘झकात’वरून, म्हणजे दानधर्मावरून. भावाने त्या शनिवारी रात्री मला फोन केला तेव्हा ही व्युत्पत्ती मी त्याला सांगितली. का सांगितली ते देवाला ठाऊक. काहीतरी बोलायला हवं होतं.

ते दोन दिवस दोघे हॉटेलच्या खोलीत बसून राहिले. मदुराईत धाकट्या चुलतभावाने अग्नी दिला. सोमवारी गुमरुकमधल्या बाईंनी त्यांचं काम सगळ्यांत आधी केलं, चहा दिला, फोटो काढलेल्या हिमालयनची पावती हातात ठेवली. कुणी वाईट वागलं नाही. नियमही समजण्यासारखा आहे. आम्ही कार्नेच्या वेळी तो समजूनच घेतला होता. गाडी परत जाईल याची खात्री करायला जी व्यवस्था उभी केली होती तिने माणसाला परत जाऊ दिलं नाही, एवढंच. तो बुधवारी पहाटे घरी पोचला.

भाऊ एकटा पुढे गेला, लिस्बनला पोचला आणि अकराव्या महिन्यात परत आला. बुलेट त्याच्यामागून बोटीने आली. क्लचची केबल एकदा तुटली, ॲक्सिलरेटरची नाही. कार्नेच्या पानांवरचे सगळे शिक्के जुळले, संघटनेने हमी सोडली, माझी ठेव मोकळी झाली. आजोबांच्या शेताच्या मानाने मी स्वस्तात सुटले.

मित्र त्या आधी एकदा आमच्याकडे येऊन गेला होता. गुमरुकच्या आवारातली गाडी ठरावीक मुदतीत बाहेर काढायला हवी, म्हणून तीन महिन्यांनी तो तुर्कस्तानात परत निघाला होता. वाटेत बडोद्याला भावाची काही कागदपत्रं न्यायला थांबला. आईने त्याला साधं वरण-भात वाढलं. तो म्हणाला, ‘सगळ्यांनी माझ्याकडून लेखी घेतलं होतं. अप्पांनी नव्हतं घेतलं.’ आई म्हणाली, ‘त्यांना कशाला लागतंय?’ आणि त्याच्या पानात तूप घातलं. त्यावर तो हसला की नाही ते मला आठवत नाही.

कागद मी त्याच्या पिशवीत घातले. मग न राहवून विचारलं, ‘या वेळी घरातून निघताना काय म्हणालास?’

‘नेहमीचंच,’ तो म्हणाला. ‘अम्मा दारात उभी होती. दुसरं काय म्हणणार?’