आधी कोणी बोलायचं?

कोजागिरीला सप्तशृंगी गडावर राज्यभरातून तृतीयपंथी भक्त येतात. छबिन्याची मिरवणूक निघते, लोक दुतर्फा उभे राहून हात जोडतात. गड आमच्या कळवण तालुक्यातच आहे. त्यामुळे 'आमच्याकडे असलं काही नसतं' हे इथल्या माणसाने तरी म्हणू नये. तरीही हात जोडणाऱ्यांतलीच काही पोरं कॉलेजच्या कट्ट्यावर बारीक आवाजाच्या मुलाला 'बायल्या' म्हणून हाक मारतात. तृतीयपंथी असणं वेगळं, समलिंगी असणं वेगळं आणि नुसताच आवाज बारीक असणं वेगळं. कट्ट्यावर तिन्हींना एकच शिवी पुरते. याला मी ढोंग म्हणणार नाही. गडावर येणाऱ्याला देवीच्या नावाने जागा मिळते. वर्गातल्या मुलाला ती कोणाच्या नावाने मिळावी, हे अजून ठरायचं आहे.

ते ठरवण्याचा प्रयत्न आपल्याकडे जुना आहे. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरं देत. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, जे घरात तोंडातून काढता येत नसे ते लोक पत्रातून विचारत. अशाच उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. खटला ते हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मला यातली वाटणी महत्त्वाची वाटते. विचारणारा पडद्याआड राहिला आणि उत्तर देणाऱ्याने स्वतःच्या नावावर मार घेतला. पाठीराखा म्हणजे काय, याची याहून सरळ व्याख्या मला सापडलेली नाही.

विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. कॉलेजातली सुमित्रा देव एका मुलीच्या प्रेमात पडते. नाटकाची चर्चा नेहमी तिच्याभोवती होते. मी मात्र बापूकडे बघतो. तो तिचा मित्र. तिचं गुपित सांभाळतो, निरोप पोचवतो, तिच्यासाठी बोलणी खातो. शेवटी त्याला ते पेलत नाही, तो बाजूला होतो आणि ती जीव देते. बापू वाईट नाही, एकटा आहे. त्याने कोणाला विचारावं, असा एकही माणूस त्या कॉलेजात नाही. चांगुलपणाला संस्थेची जोड नसली की तो असा अर्ध्या वाटेवर संपतो.

पुढचा टप्पा संस्थांचा. १९९० मध्ये अशोक राव कवींनी समलिंगी वाचकांसाठी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं, १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' उभा राहिला, २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला. २०११ मध्ये आयआयटी मुंबईत विद्यार्थ्यांचा 'साथी' गट आला. आयआयटीच्या २० आजी-माजी विद्यार्थ्यांनी २०१८ मध्ये कलम ३७७ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर आले. त्याआधी, २०१६ मध्येच, विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि तृतीयपंथी असण्यावरून होणारा छळ घातला होता. प्रवेशाच्या वेळी मुलगा आणि पालक जे रॅगिंगविरोधी हमीपत्र भरतात, त्यामागच्या नियमावलीत हे आजही आहे. भरणाऱ्यांना ते कोणी वाचून दाखवत नाही, एवढंच.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत १९९० च्या दशकात प्राध्यापकांच्या दारावर स्टिकर दिसू लागले: हिरव्या वर्तुळात गुलाबी त्रिकोण. अर्थ असा की इथे येऊन मोकळेपणाने बोल. कल्पना चांगली, पण ती मोठ्या शहराची, गर्दीत हरवता येणाऱ्याची. कळवणला असा स्टिकर लावला, तर त्या दारात कोण गेलं हे दुपारच्या एसटीने मुलाच्या आधी गावात पोचेल. सुरगाणा, बागलाणच्या पाड्यांवरून येऊन आदिवासी वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला तर घर, जात आणि खोली तिन्ही एकदम गमावण्याची भीती. 'बाहेर ये, आम्ही आहोत' हे आमंत्रण त्याच्यासाठी संकट ठरू शकतं.

म्हणून इथे क्रम उलटा हवा. मुलाने काही सांगायची वाट न बघता शिक्षकांनी आधी बोलावं, आणि सगळ्यांसमोर बोलावं. अख्खा वर्ग ऐकत असला की कोणावर बोट जात नाही. त्यासाठी नवं मंडळ काढायची गरज नाही. रॅगिंगविरोधी समिती आहे, राष्ट्रीय सेवा योजनेचं हिवाळी शिबिर आहे. पहिल्या आठवड्यात हमीपत्रामागचा नियम मराठीत वाचून दाखवायचा. 'बायल्या' ऐकू आलं की तास थांबवायचा. शिबिरात रात्री होणाऱ्या नकलांमध्ये साडी नेसलेला पोरगा हा हमखास हशा असतो. तो प्रकार शिबिरप्रमुखाने आधीच वगळायचा. (यावर 'तुम्हाला विनोद कळत नाही' असं ऐकावं लागेल. ऐकावं.)

वसतिगृहाच्या गृहपालाचं काम सर्वांत नाजूक. खोली बदलून मागणाऱ्या मुलाला कारण खोदून विचारू नये आणि काळजीपोटी घरी फोन तर मुळीच लावू नये. त्या एका फोनने शिक्षण सुटू शकतं. मूल फार खचलेलं दिसलं तर समुपदेशकाकडे न्यावं. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे किंवा भगताकडे नेऊ नये. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असल्या उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. हे सगळं तोंडी सांगून भागणार नाही, प्राचार्यांच्या आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या सहीचं परिपत्रक निघायला हवं. आज एखाद्या समंजस गृहपाल बाईंच्या भरवशावर दोन-चार मुलं निभावून नेत असतील, पण गृहपालांच्या बदल्या होत असतात.