दार बंद असता मिळणारे अन्न

(वाचावे : १ राजे, अध्याय १९)



छत्तीसगडातील बस्तर जिल्ह्यात कांगेर खोऱ्याचे अरण्य सन १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून राखीव आहे. त्याच्या पोटात कुटुमसर नावाची चुनखडीची गुहा आहे. वाटाड्याच्या दिव्यामागून आम्ही तीत उतरलो. पावसाच्या पाण्याने खडक झिजवून ही दालने केली, आणि थेंबाथेंबाने चुना साठवून त्यांत खांब उभारले. सूर्याचा किरण तेथे पोहोचत नाही. तरी डबक्यांत फिकट लहान मासे आहेत. त्यांचे डोळे खुरटलेले आहेत. लांब मिशांनी वाट चाचपणारे कीटक आहेत.

हे जीव खातात काय? उजेडावाचून हिरवे पान उगवत नाही. वटवाघळांची विष्ठा व पुराबरोबर वाहून येणारा पालापाचोळा, ह्यांवर त्यांचा निर्वाह चालतो. आता हे ध्यानात घ्या : पावसाळ्यात गुहेत पाणी भरते, म्हणून त्या दिवसांत माणसांस आत जाण्यास बंदी असते. ज्या महिन्यांत मनुष्याला दार बंद, त्याच महिन्यांत परमेश्वर तेथील कोठार भरतो.

होरेबाच्या गुहेत एलीयाला वाटले की, आपण एकटेच उरलो. वास्तविक बालापुढे गुडघा न टेकलेले सात हजार जण देवाने राखले होते. एलीयाला त्यांतला एकही दिसत नव्हता. आणि त्या गुहेपर्यंत तो पोहोचला, तोही देवाने वाटेत दिलेल्या भाकरीच्या बळावर.

ओढ्यापलीकडच्या वस्तीतील उपदेशक बंधो, पुरामुळे पाळक येत नाहीत, उपासनेला चारच माणसे बसतात, तेव्हा तुझे श्रम व्यर्थ झाले असे समजू नको. ख्रिस्ताच्या नावासाठी भाऊबंदांनी ज्यांचा रोटीव्यवहार तोडला, त्या भगिनींनो, तुमच्या दाराशी मनुष्य येत नाही म्हणून प्रभूही येत नाही, असे नव्हे.

परंतु ह्यावरून आपण एकमेकांस विसरावे, असे कोणी मानू नये. वाट मोकळी होताच भेटीस जावे. गुहेत कशासही हात न लावता, हळू पावलांनी चालावे लागते. दुःखी घरातही तसेच शिरावे : बोलणे थोडे, ऐकणे फार, आणि पदरात मूठभर धान्य. कदाचित त्या घराकडे देवाने पाठविलेला पूर आपणच असू.