थाट आणि लाज

अन्नाभोवती थाट मांडणे हा दोष होय काय? विश्रामबागेतील आमच्या शेजारच्या इटालियन उपाहारगृहात मंद दिवे, अवघड नावांची यादी व हलक्या आवाजात बोलणारे वाढपी असा सारा सरंजाम आहे. केळीच्या पानाभोवती रांगोळी काढणाऱ्या आम्हांस थाटाविषयी तक्रार करण्याचा अधिकार नाही. परंतु पिझ्झा हे मूळचे नेपल्सच्या गोरगरिबांचे खाणे. त्यावरील टोमॅटोही आमच्या मिरचीप्रमाणेच अमेरिकेतून आलेला. पोलेंटा म्हणजे तर उत्तर इटलीतील शेतकऱ्यांचा मक्याचा घाटा! अशा ठिकाणी एखादी वृद्ध माता विचारते, "ही आपली भाकरीच ना रे?" आणि तिचा सुशिक्षित मुलगा ओशाळून वाढप्याकडे पाहतो. वस्तुतः त्या पदार्थाचे मर्म तिलाच उमगलेले असते. रांगोळीने पाहुण्याचा मान वाढतो; ज्या थाटापुढे आपल्याच माणसाची लाज वाटू लागते, त्यास आतिथ्य कसे म्हणावे? तथापि सारा दोष उपाहारगृहाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. तेथे मिळतात ते पदार्थ. लाज मात्र आपण घरूनच नेलेली असते.