सोडलेलं आणि गेलेलं

नर्मदा परिक्रमेची पुस्तकं मी बरीच वाचलीत. आमच्या गावच्या वाचनालयात त्यांचा एक अख्खा कप्पा आहे. बहुतेक पुस्तकं ओंकारेश्वराच्या घाटावर संकल्प सोडला, तिथून सुरू होतात. घरून निघाल्यापासून घाटापर्यंत माणसाचं काय झालं, गाडी कुठं बंद पडली, खिसा कुठं कापला, त्याला कुणी दोन पानं देत नाही. जसं काही संकल्पाआधीचा माणूस कुणी दुसराच होता. मला तर आयुष्यभर पुरंल असा प्रश्न त्या आधीच्या तीन दिवसांतच पडला. हातातून गेलेल्या वस्तूला त्याग म्हणता येतं का, आणि म्हणायचं झालंच तर ते कुणी म्हणायचं?

कार्तिकी एकादशी झाल्यावर आम्ही रावेर तालुक्यातून पाच जणं निघालो. चार गडी आणि आमच्या गल्लीतली जिजी. सत्तरीची, विधवा, स्वभावानं खारकेसारखी. बोकड विकून आलेले साडेसहा हजार तिनं कापडी पिशवीत शिवून घेतले होते. भाड्यानं केलेल्या जीपचा एक्सल बऱ्हाणपूरजवळ तुटला. ड्रायव्हर म्हणाला, संध्याकाळ होईल. मग करता काय? बसून राहण्यापेक्षा गाव पाहू म्हटलं.

आमच्यातला एक जण कडक. त्याचं म्हणणं, तपाला निघालो, सहलीला नाही; वाटेत डोळे भिरभिरू द्यायचे नाहीत. मला ते पटलं नाही. ज्यानं काही पाहिलंच नाही, तो सोडणार काय? आम्ही कुंडी भंडारा पाहायला गेलो. 1615 च्या सुमारास, जहांगीर बादशहाच्या काळात, अब्दुर्रहीम खानखाना इथं असताना केलेलं हे काम. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यानं धरायचं, वर ओळीनं विहिरीसारख्या शंभरावर कुंड्या, आणि नुसत्या उतारानं पाणी शहरात आणायचं. ना मोटर, ना वीज. आमच्या शिवारात केळीपायी बोअर आठशे फुटांवर गेले, आणि इथं चारशे वर्षांपूर्वीचं पाणी अजून वाहतंय. मी कुंडीत वाकून किती वेळ पाहत बसलो कुणास ठाऊक. तापीपलीकडं जैनाबादेत मुमताजला आधी पुरलं होतं, 1631 साली, ताजमहाल नंतरचा. ते पाहायचं राहिलं. जिजी म्हणाली, "मेलेल्या बाईचं काय पाहायचं, पानी दाखोलं ते बरं केलं भाऊ."

जीप काही उभी राहिली नाही. बसनं खंडव्याला पोचलो, आणि तिथं स्टँडच्या गर्दीत जिजीची पिशवी गेली. खांद्यावर नुसता कापलेला पट्टा राहिला.

आमचा कडक गडी लगेच म्हणाला, "जिजी, मनाला लावून घेऊ नका. मैयानं मागून घेतलं. परिक्रमेत पैसा नकोच असतो, तुमचा त्याग आमच्या आधी झाला." बोलणं प्रेमाचंच होतं. जुन्या पुस्तकांतही हे आहेच. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासींना अंगावरच्या धडुत्यापर्यंत लुटायचे, आणि लुटला गेलेला माणूस त्याला मैयाची इच्छा म्हणायचा. आता त्याच झाडीतली माणसं चालणाऱ्यांना भाकरी घालतात, हेही सांगायला पाहिजे.

जिजी त्याच्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "मैयाले काय करायचे माझे पैसे? चोरानं नेले. चौकी कुठी आहे?"

चौकीत दोन तास गेले. जमादारानं सगळं नीट लिहून घेतलं, जिजीनं अंगठा दिला. तोवर शेवटची बस निघून गेली आणि आम्ही धर्मशाळेत फरशीवर पडलो. पैसे मिळणार नाहीत हे तिलाही कळत होतं. तरी कागद झाला याचं तिला समाधान होतं.

रात्रभर माझ्या डोक्यात तेच. आमच्या चौघांच्या खिशात पैसे होते, आणि उद्यापासून आम्ही सदाव्रतात जेवणार, त्याला वैराग्य म्हणणार. जिजी त्याच पंगतीत बसणार, पण तिला दुसरा इलाजच नाही. पत्रावळ तीच, भात तोच. मग फरक कुठं? माझ्या मते फरक एवढाच, की मला नको म्हणता येत होतं, तिला येत नव्हतं. नको म्हणायची सोय असेल तरच त्याग. ती सोय हिरावून घेतल्यावर वरून त्यागाची पदवी द्यायची, ही दुसरी चोरी झाली.

ही गोष्ट एका पिशवीपुरती नाही. नर्मदा महाराष्ट्राला सुमारे 54 किलोमीटर शिवून जाते, नंदुरबार जिल्ह्यात. सरदार सरोवराच्या पाण्याखाली तिथली 33 गावं आली. आमच्या तापीवर हतनूर धरण झालं, त्यातही लोकांची शेतं गेली. दर वेळी भाषण एकच, यांनी देशासाठी त्याग केला. अहो, त्यांनी केला की त्यांच्याकडून करवून घेतला? ज्याच्या शेतात पाणी येतं तो धरणाला विकास म्हणतो, ज्याचं शेत पाण्यात जातं त्याच्या वाट्याला त्याग हा शब्द येतो. मी स्वतः पाटाच्या पाण्यावर केळी पिकवल्यात, म्हणून हे जरा दबक्या आवाजातच म्हणतो. पण म्हणतो.

दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वरला पोचलो. संकल्पानंतर परिक्रमा पुरी होईपर्यंत नर्मदा ओलांडता येत नाही, आणि ओंकारेश्वराचं देऊळ तर पात्रातल्या मांधाता बेटावर. म्हणून दर्शन आधीच उरकायचं. पुलानं गेलो, नावेनं आलो. जिजीनं आम्हाला पुन्हा एकदा नावेत बसवलं. "उद्यापासून नही ना जमनार? मंग आज पोटभर जाऊ." कडक गडीही बसला, आणि नावाड्याला धरणाबद्दल विचारत राहिला. अलीकडच्या तीरावर ममलेश्वर पाहिलं. चौघांनी मिळून जिजीला दोन हजार दिले होते. तिनं आढेवेढे न घेता मोजून कनवटीला लावले. नावेचे पैसे तिनंच दिले, आम्हाला देऊ दिले नाहीत.

सकाळी घाटावर कुपीत पाणी भरलं, कढईचा प्रसाद झाला. गुरुजींसमोर बसण्याआधी जिजीनं मला बाजूला घेतलं.

"भाऊ, हे उसने का दिलेले?"

"उसने कसले जिजी, दिलेलेच."

"म्हनजे माझे झाले?"

"तुमचेच."

तिनं नोटा मोजल्या. घाट झाडणारी एक बाई पायरीवर टेकली होती, तिच्या पदरात हजार रुपये टाकले. ती बाई घाबरून उठूनच उभी राहिली. बाकीच्यातले कढईला दिले, आणि दोनशे परत कनवटीला लावले.

"हे ठेवते," मला म्हणाली, "गुडघ्याची गोळी लागते."

गुरुजींनी हाक मारली. आम्ही ओळीनं बसलो, ओंजळीत पाणी घेतलं. ऊन चढायच्या आत नदी उजव्या हाताला ठेवून निघालो. जिजी पुढं होती.