ब्रेक कोणासाठी?

गणपती आठवड्यावर आले की मुंबई, ठाणे, डोंबिवली, पनवेल या सगळ्या पट्ट्यात गॅरेजांसमोर गाड्यांची रांग लागते. त्यात नव्या कमी, दहा-बारा-पंधरा वर्षं वापरलेल्या जास्त. गावी कळवून झालेलं असतं, मखराचं सामान डिकीत चढलेलं असतं आणि मग गाडी मेस्त्रीच्या दारात येते. प्रत्येकाचा प्रश्न एकच : ‘परवा पहाटे निघायचंय. गाडी नेईल ना?’ मेस्त्री हवा बघतो, ऑइलची पट्टी बाहेर काढून पुसून पुन्हा बघतो, बॉनेट लावतो आणि म्हणतो, ‘न्या बिनधास्त.’ दोघांचंही समाधान होतं. पुढे पेण, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी, भोस्ते, परशुराम असा कणकवली-कुडाळपर्यंतचा चार-साडेचारशे किलोमीटरचा रस्ता असतो. तोही भर पावसातला. आणि त्याच रात्री त्याच रस्त्याला लागलेली हजारो कुटुंबं असतात.

गाडी नेईल का, या प्रश्नात आपण आहोत, आपली माणसं आहेत, आपलं गाव आहे. समोरून येणारा त्यात कुठेच नाही. खेडच्या पुलाजवळ पाठीवर दप्तर घेऊन कडेने चालणारी पोरं नाहीत, मोटारसायकलवर बायकोला बसवून बाजारातून परतणारा शेतकरी नाही. आपल्या गाडीवर आपला विश्वास असतो, पण त्या विश्वासाची जोखीम त्यांनाही उचलावी लागते. त्यांना कोणी विचारलेलं नसतं. जुन्या गाडीने लांबच्या प्रवासाला निघण्याची तयारी ही म्हणूनच मला निव्वळ यंत्राची बाब वाटत नाही. ती शेजारधर्माची बाब आहे. फक्त हा शेजारी अनोळखी असतो आणि क्षणभरच शेजारी असतो.

जुनी गाडी बाळगण्यात कमीपणा मुळीच नाही. हप्ते फिटलेली, घरातल्या लग्नांना आणि आजारपणांना धावलेली गाडी मोडीत काढायला मन धजत नाही. अनेकांना नवी परवडतही नाही. जे आहे ते नीट राखून वापरणं हा सद्‌गुणच आहे. कायदाही तो मान्य करतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपली, तरी तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. पण पासिंगचा कागद म्हणजे त्या दिवशीची साक्ष. पीयूसी तर फक्त धुराबद्दल बोलतं, ब्रेकबद्दल काहीच सांगत नाही. कागद पुरे असणं आणि गाडी पुरी असणं यांत जे अंतर उरतं, ते भरून काढायला मालकाशिवाय दुसरं कोणी नसतं.

शहरात रोज चालणारी गाडी आपल्याला फसवते. स्टेशनपर्यंत, बाजारापर्यंत, फार तर रविवारी नातेवाइकांकडे. या चालण्यात ब्रेक तापत नाहीत, टायरला तासन्‌तास वेगाने फिरावं लागत नाही, पाच माणसांचा आणि टपावरच्या सामानाचा भार नसतो. दोष असतात, पण ते झोपलेले असतात. घाट त्यांना जागं करतो.

बिघाड दोन जातींचे असतात. एक, गाडी थांबवणारे. दुसरे, गाडी थांबू न देणारे. बॅटरी बसली, सेल्फ लागेना, पेट्रोल पंप गेला, टायमिंग बेल्ट तुटला, की गाडी उभी राहते. खर्च होतो, मनस्ताप होतो, मुहूर्त टळतो. त्याची किंमत मुख्यतः आपण मोजतो. ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे जोड, चाकांचे बेअरिंग, वायपर, दिवे यांच्या बिघाडाची किंमत मात्र जो समोर येईल तो मोजतो. आता आपल्या खर्चाचा क्रम पाहावा. निघण्याआधी सगळ्यात आधी एसीचा गॅस भरला जातो. मग गाणी नीट वाजतात का ते बघतात, मग सीट कव्हर, मग पॉलिश. ब्रेक ऑइल बदलायचं निघालं की मात्र ‘आल्यावर बघू’. ज्याने आपल्याला गारवा मिळतो ते आज आणि ज्याने दुसऱ्याचा जीव वाचतो ते सवडीने, असा हा हिशेब होतो. मनाने कोणीच इतकं निष्ठुर नसतं. दुसरा माणूस डोळ्यांसमोर नसतो, एवढंच. नीतीचा बराचसा भाग हा डोळ्यांसमोर नसलेल्या माणसाला समोर आणण्याचाच असतो.

ब्रेक ऑइलचंच घ्या. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डब्यावर ‘डॉट ३’ लिहिलेलं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच हमी १४० अंशांवर येते. ‘डॉट ४’ची २३० वरून १५५ वर येते. लांब उतारावर सतत पाय दाबून ठेवला की ब्रेक प्रचंड तापतात, जुनं ऑइल उकळतं आणि नळीत वाफ होते. द्रवाने दाब पुढे पोचतो, वाफ मात्र नुसतीच आकसते. पाय थेट तळाला जातो आणि गाडी तशीच चालत राहते. चार वर्षं न बदललेलं ऑइल शहरात कधीच तक्रार करत नाही. टाकीचं झाकण उघडलं तर ते कोऱ्या चहासारखं काळपट दिसतं, पण बघतो कोण? साधारण दोन वर्षांनी ते बदलावं, हा जाणत्यांचा सल्ला आहे. त्याचा खर्च घरच्या सगळ्यांनी वाटेत एकदा पोटभर जेवायचं म्हटलं तर त्याहून फार वेगळा नसतो.

चांगला मेस्त्री काम कसं करतो ते कधी जवळ उभं राहून बघावं. तो जॅक लावून चाक अधांतरी करतो आणि दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलवतो. खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग डावी-उजवीकडून धरून हलवतो. तिथे खेळ जाणवला तर संशय टाय रॉडवर. चाक काढून लायनर किती उरलेत ते पाहतो, रबरी ब्रेक पाइप वाकवून त्याला चिरा पडल्यात का ते बघतो, मागचा ड्रम उघडून आत कुठे ओल आहे का म्हणून बोट फिरवतो. तो बोलत फारसा नाही. त्याचं सगळं लक्ष बोटांत असतं. या अर्ध्या-पाऊण तासात त्या माणसाने किती अनोळखी लोकांची काळजी वाहिलेली असते, याचा आपण कधी विचार करत नाही. त्याच्या मजुरीवर घासाघीस मात्र करतो.

काही गोष्टी तर आपल्या आपण बघता येतात. इंजिन बंद ठेवून ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबा. ते घट्ट झालं की पाय तसाच रोवून ठेवा. पेडल हळूहळू खाली बसायला लागलं, तर ऑइल कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडर दाब धरत नाही. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं, तर बूस्टर शाबूत आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २४१८ असतील तर तो टायर २०१८ सालच्या चोविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी कोरीकरकरीत दिसत असली तरी वय झालेलं रबर बाजूने तडकलेलं असतं आणि कमी वापरलेल्या गाडीत हाच धोका जास्त. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली की कारचा टायर कायद्यानेही बाद होतो. ओल्या डांबरावर खाचांतून पाणी बाहेर पडलं नाही, तर चाक रस्त्यावरून नव्हे, पाण्यावरून धावतं. स्टेपनीची हवाही त्याच वेळी बघून घ्यावी.

दिव्यांचा विचार मला विशेष वाटतो. आपला ब्रेक लाइट आपल्याला चालवताना कधीच दिसत नाही. तो जळतो की नाही, हे कळायला दुसऱ्या माणसाला गाडीमागे उभं करावं लागतं. त्याचा उजेड सगळाच्या सगळा दुसऱ्यासाठी आहे. पुढच्या दिव्यांचंही तसंच. डिकी ठासून भरली की गाडीचा मागचा भाग खाली बसतो, नाक वर होतं आणि लोअरवर असलेला दिवाही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यासाठी अनेक गाड्यांत डॅशबोर्डवर एक लहानसं चाक दिलेलं असतं. वर्षानुवर्षं ते कोणी फिरवत नाही.

निघाल्यानंतरही तयारी संपत नाही. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरवर घाट चढाल त्याच गिअरवर उतरा. गाडी इंजिनने आवरली तर ब्रेकला विसावा मिळतो. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे अजून आहेत. ब्रेकच्या बूस्टरला मदत इंजिनच करतं. ते बंद केलं की दोन-तीन दाबांत पेडल दगडासारखं होतं. आणि गाडी बंद पडलीच, तर थांबवणारा बिघाडही वळणावर दुसऱ्यासाठी काळ ठरू शकतो. म्हणून ती डांबराच्या खाली घ्यावी, रिफ्लेक्टरचा त्रिकोण पुरेसा मागे ठेवावा. चाकाला लावलेले दगड काम झाल्यावर उचलून कडेला टाकावेत. घाटात रस्त्याच्या मधोमध पडलेले असे दगड किती तरी वेळा दिसतात. कोणाची तरी गाडी दुरुस्त झाली, तो आनंदाने घरी गेला आणि आपलं संकट मागच्या दुचाकीस्वारासाठी रस्त्यावर ठेवून गेला. त्या दगडाकडे पाहिलं की सुशिक्षितपणाबद्दलचे आपले सगळे दावे तपासून घ्यावेसे वाटतात.

याच रस्त्यावर, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं वाहून गेली, कितीतरी घरांतली माणसं परत आली नाहीत. तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने विचारलं : एवढा जुना पूल, त्याची तपासणी झाली होती का? झाली असेल तर कोणी, कशी केली? प्रश्न रास्त होता आणि तो विचारत राहिलाच पाहिजे. पण जुन्या गोष्टीवर दुसऱ्यांचे जीव सोपवताना लावायची कसोटी सरकारला एक आणि आपल्याला दुसरी असू शकत नाही. पुलाबद्दल आपण जे विचारलं, तेच आपल्या पंधरा वर्षांच्या गाडीबद्दल पुलावरून जाणारा दुसरा कोणीही विचारू शकतो. आपल्याकडे उत्तर हवं.

आता पुन्हा त्या मेस्त्रीचा विचार करू. परवा पहाटे निघायचं आहे हे सांगून आपण त्याला विचारतो, तेव्हा आपण खरोखर काही विचारलेलं असतं का? गाडीभर सामान आणि गावी वाट बघणारी म्हातारी आई हे सगळं समोर मांडल्यावर तो ‘नेऊ नका’ कसं म्हणेल? म्हटलंच, तर आपण ऐकू का? निकाल आधी ठरवून केलेली तपासणी ही तपासणी नसते. ती नुसती परवानगी मागणं असतं, आणि दोष निघालाच तर तो ढकलायला एक माणूस शोधून ठेवणं असतं. म्हणून गाडी निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी न्यावी. तेव्हा पार्ट मागवायला वेळ असतो, दुरुस्तीनंतर शंभरेक किलोमीटर चालवून बघायला वेळ असतो आणि मुख्य म्हणजे ‘नाही’ ऐकून घ्यायला वेळ असतो. एसटीच्या जादा गाड्या असतात, रेल्वे असते, चुलतभावाच्या गाडीत दोन जागा असतात. सामान थोडं कमी नेता येतं.

आयुष्यात इतरत्रही हेच दिसतं. वय झालेल्या वडिलांचं ऑपरेशन असो, जुन्या इमारतीची दुरुस्ती असो की मोठ्या पदावरच्या माणसाने आपल्या कुवतीबद्दल स्वतःलाच विचारलेला प्रश्न असो. आपल्याला हवं ते उत्तर मिळेल अशा वेळी आणि अशाच माणसाला आपण विचारतो, आणि त्यालाच खात्री म्हणतो. ज्या प्रश्नाच्या उत्तराने आपला बेत बदलू शकतो, तोच प्रश्न प्रामाणिक.

यंदा ज्यांना जुन्या गाडीने गावी जायचं आहे, त्यांनी जरूर जावं. कोकणची वाट आणि घरचा गणपती कोणाला चुकवावासा वाटेल? मात्र गॅरेजात गेल्यावर पहिला पैसा ब्रेकवर, टायरवर, दिव्यांवर खर्च करावा आणि एसीची पाळी शेवटी यावी. मेस्त्रीला सांगावं, ‘नेण्यासारखी नसेल तर स्पष्ट सांगा, मी नेणार नाही.’ आणि तो तसं म्हणालाच, तर त्याला पूर्ण मजुरी देऊन, त्याचे आभार मानून, एसटीचं तिकीट काढावं.