ताब्यात घेतल्यानंतरची जबाबदारी

आंदोलनाची बातमी बहुतेक वेळा एका ठरावीक वाक्यावर संपते: 'पोलिसांनी आंदोलकांना ताब्यात घेऊन नंतर सोडून दिले.' व्हॅनचे दार बंद झाल्यापासून माणूस घरी पोहोचेपर्यंतचा वेळ या वाक्यात कुठेच दिसत नाही. त्या वेळात त्याचा मोबाइल काढून घेतलेला असतो आणि त्याला पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर किंवा एखाद्या सभागृहात बसवून ठेवलेले असते. कोणत्या कलमाखाली आणले हे विचारले तर 'साहेब आल्यावर कळेल' एवढेच उत्तर मिळते. अटक झाली असती तर अटकेची कारणे, नातेवाइकांना खबर, वकिलाची भेट, वैद्यकीय तपासणी यांची कागदोपत्री नोंद करावी लागली असती. नुसते 'ताब्यात' असलेल्या माणसाच्या वाट्याला यातले काहीच निश्चितपणे येत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ ने पोलिसांचे निर्देश न पाळणाऱ्याला ताब्यात घेण्याची आणि किरकोळ प्रकरणात चोवीस तासांच्या आत सोडून देण्याची मुभा दिली आहे. अशा तरतुदी राज्यांच्या पोलीस कायद्यांतही आहेत. हे चोवीस तास कोणाच्या देखरेखीखाली असतात, हा प्रश्न कलमात अनुत्तरित राहतो. तो राज्य सरकारला विचारला पाहिजे, कारण त्याचे उत्तर राज्य सरकारकडेच आहे.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि तुरुंग हे तिन्ही विषय राज्यांच्या सूचीत आहेत. मोर्चाला परवानगी देणारा किंवा नाकारणारा पोलीस आयुक्त, जमावबंदीचा आदेश काढणारा जिल्हाधिकारी, कोठडीतला हवालदार, तुरुंगाचा अधीक्षक, न्यायालयात जामिनाला विरोध करणारा सरकारी वकील ही सगळी राज्य सरकारची माणसे आहेत. तरीही नागरी स्वातंत्र्याची चर्चा आपण दिल्लीकडे तोंड करून करतो आणि मंत्रालयाकडे पाठ फिरवतो. घटना समितीत १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुच्छेद १५-अ मांडला, तोच आज अनुच्छेद २२ म्हणून ओळखला जातो. अटकेची कारणे सांगणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे ही हमी त्यातून आली. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' वगळल्याने राहिलेली उणीव भरून काढावी, हा त्यामागचा विचार होता. म्हणजे पकडलेल्या माणसाचे संरक्षण ही पोलिसी सौजन्याची बाब नाही, घटनाकारांनी विचारपूर्वक घातलेली ती तरतूद आहे. रोजच्या व्यवहारात ती पाळण्याची जबाबदारी राज्याच्या गृहखात्यावर येते.

परभणीत काय घडले ते या कसोटीवर पाहावे लागते. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद पुकारला गेला, त्या दिवशी दगडफेक आणि जाळपोळ झाली आणि पोलिसांनी धरपकड केली. पकडलेल्यांपैकी कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनाने मृत्यूचा संबंध अंगावरच्या अनेक जखमांशी जोडला. अशा वेळी राज्य सरकारने मृताच्या आईच्या बाजूने उभे राहायला हवे होते, कारण तिचा मुलगा सरकारच्या ताब्यात असताना गेला. प्रत्यक्षात गुन्हा नोंदवण्यासाठी जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला आणि त्या आदेशाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. गुन्हा नोंदवणे म्हणजे कोणाला दोषी ठरवणे नव्हे, ती तपासाची पहिली पायरी असते. ती पायरीही चढू नये म्हणून सरकार दिल्लीपर्यंत जाते, तेव्हा ताब्यातील माणसाचा पालक आपण आहोत ही जाणीवच सुटलेली असते.

हा एकाच पक्षाचा दोष असता तर निवडणुकीने त्याचा निकाल लागला असता. बीड जिल्ह्यातील माजलगावात २०२० च्या जानेवारीत नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध शांततेने धरणे धरू इच्छिणाऱ्यांना परवानगी नाकारली गेली, तेव्हा मुंबईत महाविकास आघाडीचे सरकार होते आणि त्यातले काही पक्ष स्वतःच या कायद्यावर टीका करत होते. औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारीत ते आदेश रद्द केले आणि एका कायद्याला विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. त्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने बंगळुरूतील डिसेंबर २०१९ चा जमावबंदी आदेश बेकायदा ठरवला. तिथे भाजपचे सरकार होते. पंजाबात आम आदमी पक्षाने शेतकरी आंदोलनाची बाजू घेतली होती, पण त्याच पक्षाच्या सरकारने मार्च २०२५ मध्ये चंडीगडच्या बैठकीहून परतणाऱ्या शेतकरी नेत्यांना ताब्यात घेतले आणि शंभू व खनौरी येथील ठिय्ये उठवले. विरोधात असताना रस्त्यावर येणारा पक्ष सत्तेत आल्यावर तेच आदेश काढतो, कारण आदेशांचे मसुदे आणि काढणारे अधिकारी तेच राहतात. कर्नाटकातला निकालही आदेश अमलात येऊन गेल्यानंतर आला. ज्यांना त्या दिवशी उचलले गेले, त्यांचा दिवस न्यायालय परत देऊ शकत नाही. म्हणून हे काम न्यायालयावर सोपवून सरकारला मोकळे होता येत नाही.

यावर येणारा पहिला आक्षेप मी गंभीर मानतो. रस्ता अडला की रुग्णवाहिका अडते, हातावर पोट असलेल्याचा रोज बुडतो. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२० मध्ये शाहीनबाग प्रकरणात सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही, असा निकाल दिला. शांततेत सुरू झालेला मोर्चा पुढे हिंसक होतो हेही खरे. परभणीतच ते दिसले. पण हा आक्षेप मोर्चा कुठे आणि किती वेळ असावा याविषयीचा आहे. माणसाला व्हॅनमध्ये बसवले की त्याने रस्ता अडवण्याचा प्रश्न संपतो आणि तिथून पुढे फक्त सरकारचे वर्तन उरते. त्याच्या घरच्यांना फोन जाऊ दिल्याने कोणाची रुग्णवाहिका अडत नाही. हिंसा करणाऱ्यावर खटला जरूर चालावा, पण त्यासाठी शेजारी घोषणा देत उभ्या असलेल्या माणसाला वेगळे काढावे लागते. 'इतर दोनशे ते तीनशे अनोळखी इसम' असे फिर्यादीत लिहिले की हे वेगळे काढणे कायमचे टळते आणि पुढे गावातल्या कोणाचेही नाव त्यात घालता येते.

महाराष्ट्रात यात 'चॅप्टर केस'ची भर पडते. मोर्चा किंवा मंत्र्याचा दौरा जवळ आला की कार्यकर्त्यांना नोटीस जाते आणि शांतता राखण्याचे बंधपत्र मागितले जाते. आयुक्तालय असलेल्या शहरांत ही सुनावणी अनेकदा सहायक पोलीस आयुक्तच विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून घेतात. पकडणारे आणि निवाडा करणारे एकाच खात्याचे असतील तर जामीनदार शोधत फिरणाऱ्या गरीब कार्यकर्त्याने दाद मागायची कोणाकडे? हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांना राज्य सरकार देते, आणि ते महसूल अधिकाऱ्यांकडे सोपवणेही राज्य सरकारच्याच हातात आहे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

आम्ही आंदोलनांतले खटले मागे घेतोच की, असे उत्तर सरकारकडून मिळते. महाराष्ट्रात असे शासन निर्णय वेळोवेळी निघतात; जीवितहानी झालेली नसावी, मालमत्तेचे नुकसान पाच लाखांच्या आत असावे, अशा अटी त्यात असतात. झारखंडात हेमंत सोरेन यांच्या सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत आदिवासींच्या पत्थलगडी आंदोलनातील खटले मागे घेण्याचे ठरवले. कुडनकुलमच्या अणुप्रकल्पाला विरोध करणाऱ्या हजारो मच्छीमार व गावकऱ्यांवर राजद्रोहासारखी कलमे लागली होती. २०१३ मध्ये प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवतानाच सर्वोच्च न्यायालयाने आंदोलकांवरील खटले मागे घेण्याचा प्रयत्न व्हावा, असे सांगितले. हे सगळे स्वागतार्ह आहे, पण पुरेसे नाही. खटला मागे घेतला जाईपर्यंत वर्षे गेलेली असतात. तोवर पासपोर्ट अडलेला असतो, भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत नाव आलेले असते, तारखांना जाऊन मजुरी बुडालेली असते. शिवाय कोणाचे खटले मागे घ्यायचे हे आंदोलन करणाऱ्या समाजाच्या मतांवर ठरू लागले, तर मोठा जमाव जमवू शकणाऱ्यांना सवलत मिळते आणि दहा-बारा जणांनी धरलेले धरणे न्यायालयात खितपत पडते. मुळात लावायलाच नको होते ते कलम पाच वर्षांनी मागे घेणे ही मेहेरबानी झाली, आणि हक्क मेहेरबानीवर सोडता येत नाहीत.

उरतो तो केंद्राचा मुद्दा. राष्ट्रीय तपास यंत्रणा राज्याला न विचारता प्रकरण हाती घेऊ शकते आणि तिथे राज्याचे हात खरोखरच बांधलेले असतात. पण त्याबाहेर राज्याकडे बरेच काही उरते. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्याने स्थानबद्ध केलेल्या माणसाला सोडण्याचा अधिकार कलम १४ नुसार राज्य सरकारला आहे. राज्य पोलिसांनी लावलेल्या बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) कायद्याच्या म्हणजे यूएपीएच्या प्रकरणात खटल्याची मंजुरी राज्याचे गृहखाते देते आणि पुरावा नसेल तर ती नाकारू शकते. ठाण्याठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा डिसेंबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश राज्यांवरही बंधनकारक आहे. अटक झालेल्यांची नावे प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात लावण्याची तरतूद नव्या संहितेच्या कलम ३७ मध्येच आहे. तिच्या कक्षेत 'ताब्यात घेतलेले' आणायला गृहखात्याचे एक परिपत्रक पुरेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोर्चाच्या दिवशी ठाण्यात हजर ठेवणे हेही राज्याला जमण्यासारखे आहे.

नागपूरला दर हिवाळी अधिवेशनात आशासेविका, विनाअनुदानित शिक्षक, शेतकरी, धनगर आणि आदिवासी संघटना असे मोर्चे येतात आणि विधानभवनाच्या अलीकडेच अडवले जातात. गृहमंत्र्यांनी या अधिवेशनापासून सभागृहाच्या पटलावर एक निवेदन ठेवायला सुरुवात करावी. वर्षभरात राज्यात किती आंदोलकांना ताब्यात घेतले, कोणत्या कलमाखाली घेतले, किती तासांनी सोडले, त्यातल्या किती जणांना वकील भेटला, किती जणांची वैद्यकीय तपासणी झाली आणि किती जणांवर पुढे दोषारोपपत्र दाखल झाले, हे जिल्हावार त्यात असावे. विरोधी पक्षाने ते मागावे, आणि सत्तेत आल्यावरही ते देत राहण्याचे वचन आजच सभागृहात द्यावे.